‘येते’ म्हणजे कधी?

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवणारी डॉक्टर. पंचवीस वर्षं समोरच्याला गप्प करण्याचाच धंदा केल्यामुळे बोलायचं सगळं माझ्याकडेच साठून राहतं, आणि कुठे जाऊन आले की ते असं सांडतं. ज्यांचा बऱ्हाणपूरला जायचा योग आलेला नाही त्यांनी पाय पसरून बसावं. ज्यांचा आलाय त्यांनी माझ्या चुका काढाव्यात. भूल देणं हा माझा व्यवसाय आणि भूल करणं हा स्वभाव, हे या प्रवासात सिद्धच झालं.

ते दिवस कशालाही ‘ग्लोबल’ म्हणायचे होते. आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयाच्या पाटीवरसुद्धा तो शब्द चढला होता. पुण्यातल्या आमच्या इस्पितळात तो स्त्री-आरोग्याला चिकटून आला आणि एकदम सगळ्यांना जगातल्या बायकांची काळजी वाटू लागली. जी शिकाऊ डॉक्टर मुलं वॉर्डातल्या बायकांना ‘खाट नंबर सात’ म्हणत, ती नकाशात देश शोधू लागली. त्या वाऱ्यात आमच्या स्त्रीरोग विभागाच्या सरांनी बऱ्हाणपूरला सहा दिवसांचं शिबिर ठरवलं. दहा बायकांची ऑपरेशनं सर करणार, भूल मी देणार, आणि हाताखाली डॉ. केतकी.

केतकी एकोणतीस वर्षांची. हुशार, सरळ, नाकावर माशी बसू न देणारी. परदेशातल्या एका विद्यापीठात जागतिक स्त्री-आरोग्याचा वर्षाचा अभ्यासक्रम तिला जवळजवळ मिळाला होता. दोनच गोष्टी राहिल्या होत्या: प्रत्यक्ष गावात काम केल्याचं पत्र, आणि ‘आपल्याला या क्षेत्रात काम का करावंसं वाटतं’ यावर एक निबंध. पत्रासाठी बऱ्हाणपूर होतं. निबंध तिने आधीच लिहून ठेवला होता.

निघायच्या तीन दिवस आधी सरांना एका परदेशी परिषदेचं बोलावणं आलं. विषय होता, खेड्यातल्या स्त्रियांपर्यंत कसं पोहोचावं. त्यावर बोलायला सर विमानाने गेले, आणि खेड्यातल्या स्त्रियांपर्यंत पोहोचायला आम्ही दोघी रेल्वेने. सर नाहीत म्हणजे ऑपरेशनं नाहीत, आणि ऑपरेशनं नाहीत म्हणजे माझं काहीच काम नाही. तरी मी निघाले. केतकीला सोबत हवी, असं मी घरी सांगितलं. खरं कारण बऱ्हाणपूरची मावा जलेबी.

लोधीपुरा

बऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर, लालबागला. तिथून टांगा. टांगेवाल्याने विचारलं, “कहां उतरना बाई, मंगलासिस्टर के यहां ना?” आम्ही अजून पत्ता काढलाही नव्हता. गावात कोण नवीन डॉक्टर उतरलं की ते मंगलासिस्टरकडेच जायचं, हे घोड्यालासुद्धा ठाऊक असावं, कारण तो वळणावर आपणहून वळला.

मंगलासिस्टर राजपुऱ्यातल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याच्या परिचारिका. वय माझ्याएवढंच, आवाज माझ्याहून मोठा. हे शेवटचं मला जरा जड गेलं. लोधीपुऱ्यातल्या त्यांच्या घरी आमची उतरायची सोय होती. दारातच त्यांनी मला नखशिखांत पाहिलं.

“भूलवाल्या मॅडम तुम्हीच का? मग झालं. गल्लीत पोरींनी कालच भुलाबाई बसवली. आज दुसरी आली.”

तेव्हापासून सहा दिवस मी भुलाबाई होते. ज्यांना खानदेशाकडची ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी: आश्विनात मुली भुलाबाईची मातीची मूर्ती मांडतात, संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि डब्यात काय खाऊ आहे ते डबा हलवून ओळखायला लावतात. माझं आजोळ चोपड्याचं, त्यामुळे मी लहानपणी या खेळात तरबेज होते. त्या संध्याकाळी मी डबा कानाशी धरला, डोळे मिटले आणि नाटकी आवाजात म्हणाले, “भाजलेले दाणे आणि गूळ.” निघाल्या शंकरपाळ्या. पोरी माझ्यावर इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशीही हरायला बोलावलं.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून वाढू का’ असं विचारतात आणि प्रश्नातच उत्तर असतं. इथे विचारत नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात.

जेवताना मंगलासिस्टरांनी सांगितलं, “दहापैकी नऊ बायांना निरोप पोचला, ऑपरेशन नाही म्हणून. एक तापीच्या पलीकडची, इंदूबाई. तिच्याकडे कोणी गेलंच नाही. ती येईल उद्या.”

“मग तिला काय सांगायचं?” केतकीने विचारलं.

“ते तुम्ही सांगायचं, मॅडम. मी कितीजणींना सांगू?”

राजपुरा

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. भिंतीला लागून यंत्रमाग. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. औषधाच्या बाटल्या फळीवर आपोआप पुढे सरकतात आणि संध्याकाळी त्यांना मागे ढकलावं लागतं. पेशंटशी बोलायचं तर ओरडूनच.

मंगलासिस्टरांनी आधी कपाट दाखवलं. आजवर आलेल्या डॉक्टरांनी जे जे मागे ठेवलं ते त्यात होतं. एक बॅनर. भिंतीत न बसणाऱ्या पिनेचं परदेशी उपकरण. कंबरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा, त्यातलं बाळ हरवलेलं. त्या सांगाड्याला सिस्टर किल्ल्या अडकवत.

“हा बॅनर ज्यांचा, ते दोन दिवस होते. मशीनवाले चार दिवस. सांगाडावाल्या मॅडम फार चांगल्या. जाताना रडल्या.”

केतकीला ते लागलं. तिने पिशवीतून निबंधाचा कागदच काढला आणि आपण तसल्या नाही हे सिद्ध करण्यासाठी पहिलं वाक्य वाचून दाखवलं: “ज्या स्त्रियांपर्यंत कोणी पोहोचत नाही, त्यांच्यापर्यंत मला पोहोचायचं आहे.”

“पोचतात हो सगळे,” सिस्टर बाटल्या मागे ढकलत म्हणाल्या. “दुसऱ्यांदा कोणी पोचत नाही.”

साडेदहाला इंदूबाई आली. चाळिशीची, काटक, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात चादर, दोन लुगडी, तांब्या, आणि दहा दिवस राहायचं म्हणून कोरड्या चटणीची पुडी. रावेरची नणंद घरी आणून बसवली होती, म्हैस तिच्या हवाली केली होती. आपलं दुखणं तिने फक्त मंगलासिस्टरांना सांगितलं होतं, तेही वर्षभर विचार करून. घरी तिने ‘पोटाचं’ म्हणून सांगितलं होतं.

ऑपरेशनवाले डॉक्टर आले नाहीत, हे केतकीनेच सांगितलं. इंदूबाईने गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

“कवा येनार मग?”

“ते नक्की नाही.”

“हां,” ती म्हणाली.

केतकी म्हणाली, आलात तर तपासून तरी घेऊ. मी दुभाषी म्हणून आत. दुखणं असं की चार बाळंतपणं आणि केळीचे घड वाहणं, यांनी गर्भाशय खाली उतरलं होतं. गावाकडे त्याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. केतकीने मागावर मात करत, घसा ताणून विचारलं, “किती दिवसांपासून अंग बाहेर येतंय?”

नेमक्या त्या क्षणी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. ‘अंग बाहेर येतंय’ हे शब्द राजपुऱ्याच्या शांततेत घंटेसारखे वाजले. भिंतीपलीकडे कोणी विणकर सभ्यपणे खोकला. मग दुसरा खोकला.

आम्ही चौघी पुतळ्यासारख्या. आणि मग इंदूबाईच्या पोटातून हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून ती हसली, आणि हसता हसता कळवळली, कारण हसलं तरी तिला ते दुखणं खाली ओढायचं. “सहा साल,” ती हळू म्हणाली. “बसलं तं टोचतं. उभं राहिलं तं उतरतं. खाली निजलं तेवढंच बरं. पन निजून कोनाचं चालतं?”

केतकीच्या पेटीत रिंगा होत्या. मऊ प्लास्टिकची बांगडीसारखी कडी असते, मापाची बसवली की अंगाला आतून आधार देते. ऑपरेशन लागत नाही. केतकीने त्या केवळ दाखवायला आणल्या होत्या. आता तिचे डोळे चमकले. ही बाई रिकाम्या हाताने परत जाणार नव्हती. मात्र रिंगा उकळून घ्यायच्या होत्या, आणि वीज येईतो शेगडी बंद. मंगलासिस्टरही तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत एका बाळंतिणीकडे निघून गेल्या.

“तोवर जेवून येऊ,” मी म्हणाले. जलेबीचा विषय माझ्या मनात सकाळपासून होता.

केतकीने पायात चप्पल सरकवली आणि ओसरीवरच्या इंदूबाईकडे बघून, आपण कुणाच्याही घरातून निघताना म्हणतो तसं म्हणाली, “बरं, येते हं.”

इतवारा

मावा जलेबीचं वर्णन करायला मी असमर्थ आहे, तरी करते. रंगाने काळपट, अंगाने जाड, आणि तिला कुरकुरीतपणाचा काही सोस नाही. आपली जलेबी म्हणजे शिष्ट मुलगी. ही जलेबी म्हणजे सुखवस्तू मावशी, जवळ गेलात की मिठीत घेणारी. इतवाऱ्यात एका दुकानासमोर उभं राहून मी तीन खाल्ल्या. केतकीने अर्धी खाल्ली आणि मग कोणी बघत नाही असं वाटून दीड. शिवाय दराबा नावाचा एक रवाळ, तुपाळ प्रकार चाखला, आणि अर्धा किलो जलेबी बांधून घेतली.

मग टांगेवाल्याने आग्रह केला, किल्ला बघाच. तापीच्या काठावरचा बादशाही किल्ला. ज्या बेगमेसाठी पुढे आग्र्याला संगमरवर चढला, ती याच गावात बाळंतपणात गेली, चौदाव्या. केतकी एका कमानीत उभी राहून नदीकडे बघत म्हणाली, “रक्तस्राव थांबला नसणार, मॅडम. आज आपण तिला वाचवलं असतं.” मीही हळहळले. उन्हं कलली, पाण्यावर सोनं सांडलं, आणि आम्ही दोघी पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या एका पेशंटपाशी छान दीड तास रमलो.

दवाखान्यात परतलो तेव्हा माग पुन्हा खटखटत होते. ओसरीच्या बाकावर इंदूबाई होती. तशीच, एका कुशीवर टेकून, गाठोडं पोटाशी.

“अजून इथेच?” केतकी म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही जेवून जरा पडला असाल.”

“तुम्ही ‘येते’ म्हनल्या ना बाई.”

दारात मंगलासिस्टर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. “तुमच्या पुण्याला ‘येते’ म्हणजे ‘जाते’. आमच्याकडेही तसंच आहे, घरात. पण दवाखान्यात डॉक्टर ‘येते’ म्हणाली की पेशंट ते खरं धरतो. दुसरं काय धरणार?”

“निदान काही खाल्लंत का?” केतकीने विचारलं.

इंदूबाईने माझ्याकडे बघितलं. “उपाशी या, असं सांगितलं होतं. पानी बी नको म्हनून.”

आता ऐका. पेशंटला उपाशी ठेवणं आणि नंतर ‘आता खा’ असं सांगणं, ही दोन्ही कामं भूलतज्ज्ञाची. माझी. आयुष्यात हजार वेळा मी खाटेपाशी जाऊन विचारलं असेल, काही खाल्लं नाही ना? सकाळी ती समोर बसली होती, ऑपरेशन नाही हे तिला कळलं होतं, आणि मला तो प्रश्न उलटा विचारायचं सुचलं नाही. आदल्या रात्रीपासून ती निर्जळी होती. आणि माझ्या हातात अर्धा किलो जलेबी.

मी तांब्या भरला. ती घोट घोट पाणी प्यायली. मग मी पुडा सोडला. ती एक जलेबी दोन्ही हातांत धरून खात राहिली. केतकी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून होती. तिने त्या दिवशी निबंधाचा कागद पुन्हा काढला नाही.

खाऊन झाल्यावर केतकीने रिंग दाखवली, ती काय करते ते हाताच्या मुठीने समजावलं. मी खानदेशीत रंगवून सांगू लागले, तर इंदूबाईने मला मध्येच थांबवलं.

“टेकू हाय हा.” तिने कडी बोटाने फिरवून पाहिली. “आमी केळीला लावतो तसा.” मग ती परत केली. “उद्या मळ्यात या. आधी टेकू काय असतो ते बघा. मंग बोलू.”

तापीपलीकडे

केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचं ऊन दारातच चपला काढून उभं राहतं. आत हिरवा अंधार, पायाखाली ओल. इंदूबाई पुढे, तिच्यामागे केतकी, मागे मी, माझ्या मागे एक कुत्रा, ज्याला माझ्या पिशवीतल्या दराब्याची कुणकुण लागली होती. इंदूबाईचा नवरा लांब घड उतरवणाऱ्या टोळीबरोबर होता. त्याने हात जोडले आणि बायकोच्या ‘पोटाचं’ विचारायला पुढे आला. ती त्याला म्हणाली, “बायांचं काम हाय, तुम्ही गाडी भरा.” तो गेला.

केळीला घड धरला की झाड एका बाजूला कलतं. मग दोन बांबू कैचीसारखे बांधून खोडाला खालून आधार देतात. तोच टेकू. ओळीने उभी ती झाडं म्हणजे काठी टेकून उभ्या राहिलेल्या गरोदर बायाच. मी तसं म्हटलं. इंदूबाईने मान डोलावली आणि मला बक्षीस म्हणून एक पिकलं केळं दिलं, जे कुत्र्याला आवडलं नाही.

मग ती आम्हाला एका कडेच्या झाडापाशी घेऊन गेली. त्यालाही टेकू होता, पण सरकलेला. बांबूने खोडात खाच पाडली होती. खाचेतून काळं पाणी गळत होतं.

“हा आमच्या दिराचा. टेकू लावला आन शादीला गेला, तिकडं म्हैनाभर राहिला. वारा आला, टेकू सरकला, आन मंग टेकूच झाडाला खायला लागला.” तिने खोडावर तळवा ठेवला. “टेकू वाईट नसतो बाई. पन टेकू लावला की बघनारा पायजे. तुम्ही माझ्या अंगात टेकू लावनार. सोमवारी गाडीत बसनार. बघनार कोन?”

केतकी खाचेकडे बघत होती. तिने मला हळूच इंग्रजीत सांगितलं की पुस्तकात अगदी हेच लिहिलंय. रिंग बसवून विसरली की आत जखम होते, म्हणून दर तीन महिन्यांनी ती काढून, धुऊन, तपासून पुन्हा बसवायची. पुस्तकात जे परिच्छेदाच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, ते या बाईने पहिल्यांदा विचारलं होतं.

“सिस्टर बघतील,” मी म्हणाले. मला लगेच तोडगा काढायची सवय आहे.

“त्यांना येतं का?”

“नाही. शिकवू.”

“आन त्या गावाला गेल्या तर?”

केतकी एकदम तिच्याकडे वळली. “तुम्ही शिकाल का? स्वतः काढायला आणि बसवायला?”

मी चमकले. पुण्यातल्या शिकल्यासवरलेल्या बायकांनाही हे सांगताना डॉक्टर चाचरतात, आणि सहा वर्षं ‘पोटाचं’ म्हणणारी ही बाई. इंदूबाईने टेकू सोडवला, खाचेच्या वर सरकवला, दोरी पुन्हा आवळली.

“माझंच अंग हाय,” ती म्हणाली. “शिकते.”

राजघाट

दुसऱ्या दिवशी राजपुऱ्यात रिंग बसवली. इंदूबाई खोकली, चालली, उकिडवी बसली. छान. केतकीचा चेहरा असा, की जणू परदेशचं पत्र आत्ताच हाती पडलं. “आता घाटाच्या पायऱ्या उतरून चढून या,” ती म्हणाली. मंगलासिस्टर सोबत गेल्या. अर्ध्या तासाने दोघी परत आल्या. इंदूबाईच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

“तुमचा टेकू उतरला, बाई. सोळाव्या पायरीवर.”

केतकीचा रंग उडाला. मंगलासिस्टरांनी मात्र त्या कपाटाकडे बोट दाखवलं. “ठेवू का आत? बॅनरशेजारी?”

“ठेवू नका,” केतकी म्हणाली. मागाच्या आवाजावरही ते स्वच्छ ऐकू आलं. “उकळा. एक माप वरचं बघू.”

वरचं माप बसवून या वेळी आम्ही चौघी घाटावर गेलो. कपडे धुणाऱ्या बायकांनी बघितलं असेल: एक बाई पायऱ्या उतरतेय, तिच्यामागे एक तरुण डॉक्टरीण मोजतेय, तिच्यामागे एक परिचारिका, आणि शेवटी मी, धापा टाकत. सोळावी पायरी आली. आम्ही थांबलो. इंदूबाईने पाय टेकवला, पुढचा उचलला, सतरावी, अठरावी. पाण्यापाशी जाऊन तिने तोंड धुतलं आणि उकिडवी बसून राहिली. बराच वेळ.

“काय झालं?” केतकीने वरून विचारलं.

“काय नाही. बसले हाय.” मग ती मागे न बघता म्हणाली, “सहा सालात अशी बसले नवते.”

चढताना तिला शिंक आली. आम्ही तिघी जागीच गोठलो. टेकू हलला नाही.

पुढचे दोन दिवस शाळा. पडद्यामागे केतकी शिकवी, मी टॉर्च धरी, इंदूबाई शिके. सांगाड्याच्या किल्ल्या काढून त्याच्यावर आधी सराव झाला, तेव्हा कुठे तो बिचारा कामी आला. इंदूबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच शिकली. मंगलासिस्टरांना दुपार लागली. इंदूबाई त्यांना म्हणाली, “सिस्टर, घाबरू नका. बांगडी दाबून घालतो तशी घाला.” सिस्टरांना कोणी शिकवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

सोमवारी आम्ही निघालो. ओसरीवर इंदूबाई गाठोडं घेऊन उभी, तीही गावी निघाली होती. केतकीने कामाच्या पत्रावर सिस्टरांची सही घेतली, पेटी उचलली, नमस्कार केला. तिच्या तोंडातून सवयीने ‘ये’ बाहेर पडलं आणि तिथेच अडकलं. तिने इंदूबाईकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं तिला.

“बरं,” ती म्हणाली, “जाते.”

मंगलासिस्टरांनी कपाळावर हात मारला. मराठी घराच्या उंबऱ्यावर ‘जाते’ कोणी म्हणतं का? पण इंदूबाई हसू लागली, या वेळी पदर तोंडात न घालता.

“अवो बाई, ‘जाते’ नका म्हनू. अभद्र असतं.”

“मग काय म्हणू?”

“‘येते’च म्हना. फक्त कवा ते सांगा.”

केतकी उभीच राहिली. मला ठाऊक होतं ती कसला हिशेब करतेय: परदेशचं विमान जानेवारीच्या शेवटी. तीन महिने त्याच्या आतच भरत होते.

“संक्रांतीच्या आधीचा सोमवार,” ती म्हणाली. “येते.”

“मीही,” मी म्हणाले, आणि त्यात जलेबीचा वाटा अर्ध्याहून कमी होता.

पुणे

डिसेंबरात मंगलासिस्टरांचं कार्ड आलं. ‘इंदूबाई आली होती. टेकू स्वतः काढून धुऊन लावला, जखम नाही. तिच्या गावच्या दोघी सोबत होत्या, त्यांनाही तेच दुखणं. त्यांना तिनेच समजावलं, मी नुसती बघत होते. तुमची वाट बघत नाही. तरी या. रिंगा आणा, तीन मापांच्या.’

सर परिषदेहून परतले होते, त्यांचं भाषण गाजलं होतं. मी त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि ‘त्या बायकांना ऑपरेशन लागलं तर...’ एवढं म्हणून स्वतःची डायरी उघडली. मी पेन पुढे केलं. माणसाला भूल द्यायची तशी उतरवायचीही असते.

केतकीने निबंध नव्याने लिहिला. मला वाचू दिला नाही. पण विद्यापीठाला तिने आणखी एक विनंती केली आहे, की अभ्यासक्रमातला गावातल्या कामाचा भाग तिला बऱ्हाणपूरला करू द्यावा. उत्तर अजून यायचं आहे.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी बॅग भरली. वरती रिंगांची पेटी, खाली तीळगूळ. दारात चप्पल घालताना नवऱ्याला, इतक्या वर्षांत रोज म्हणते तसं म्हणाले, “येते हं.”

तो पेपरात डोकं घालून बसला होता. बऱ्हाणपूरची ही सगळी कथा त्याने माझ्याकडून किमान पाच वेळा ऐकली होती. त्याने पेपर खाली केला.

“कधी?”

मी दारात उभी राहून वार सांगितला.